मागच्या सीटवरचे डोकेही डोकेच आहे

आपल्या वस्तीत आज क्वचितच अशी गल्ली असेल, जिथे दोन-चार मोटारसायकली उभ्या नाहीत. कुणी हप्त्यावर घेतली, कुणी जुनी विकत घेतली, कुणाला भावाची मिळाली. ती चैनीची वस्तू राहिलेली नाही, पोटापाण्याचे साधन झाली आहे. सकाळी एमआयडीसीतली पाळी गाठायची, बायकोला कामावर सोडायचे, पोराला शाळेत न्यायचे, आईला दवाखान्यात दाखवायचे, रात्री पार्सले पोहोचवायची, सगळे त्याच एका गाडीवर चालते.

या गाडीवर हेल्मेट कुणाच्या डोक्यावर असते ते पाहा. बहुतेक वेळा ते एकच असते आणि चालवणाऱ्याचे असते. तेही चौकात पोलीस दिसला की डोक्यावर, नाहीतर आरशाला अडकवलेले. मागे बसलेली आई, बहीण किंवा बायको, आणि पुढे टाकीवर बसलेले लेकरू यांच्या डोक्यावर काहीच नसते. आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षे रुग्णालयाच्या अपघात विभागात काम केले आणि आता वस्त्यांमधून आरोग्याचे काम करतो. त्या अनुभवावरून आमचे म्हणणे एवढेच आहे : ज्या घरात गाडी आहे त्या घरात दुसरे हेल्मेट आलेच पाहिजे आणि ते पहिल्याइतकेच चांगले असले पाहिजे.

आकडे काय सांगतात

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. मरण पावलेल्यांपैकी ५०,०२९ जणांनी अपघाताच्या वेळी हेल्मेट घातलेले नव्हते. यात चालवणारे ३५,६९२ होते आणि मागे बसलेले १४,३३७. म्हणजे फक्त मागे बसलेली, हेल्मेट नसलेली अशी रोज सरासरी ३९ माणसे एका वर्षभर जात होती. त्यांच्या हातात ना हँडल होते, ना ब्रेक. गाडी कशी चालवायची हे त्यांनी ठरवलेले नव्हते.

हेल्मेटचा उपयोग किती, यावर जगभर अभ्यास झाले आहेत. त्या सगळ्यांचा एकत्रित आढावा घेतल्यावर असे दिसले, की हेल्मेटमुळे मोटारसायकलच्या अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतक्या कमी खर्चात इतका जीव वाचवणारी दुसरी वस्तू आम्ही तरी दवाखान्यात पाहिली नाही.

मागे बसणारी बाई का पडते

अपघात म्हटला की ट्रकची धडक डोळ्यासमोर येते. पण अपघात विभागात वेगळे चित्रही वारंवार दिसते. गाडी कुणाला धडकलेलीच नसते. न रंगवलेला गतिरोधक किंवा पावसाने झाकलेला खड्डा येतो, चालवणारा हँडल धरून सावरतो आणि मागची बाई मागच्या मागे उडून पडते. नवऱ्याला ओरखडाही नसतो. बायको मात्र डोक्याच्या मागच्या बाजूवर आपटलेली असते.

याची कारणे साधी आहेत. चालवणाऱ्याला पुढचा खड्डा दिसतो, मागच्याला दिसत नाही. चालवणाऱ्याचे दोन्ही हात हँडलवर असतात. मागची बाई साडी नेसून एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसलेली असते. एका हाताने मांडीवरचे लेकरू किंवा पिशवी धरलेली, दुसऱ्या हाताची बोटे सीटच्या कडेला. तोल जायला एक हिसका पुरतो.

"बाईमाणसाने दोन्हीकडे पाय टाकून बसायचे नाही" हा रिवाज कुठून आला याचा विचार करावा. दोन्हीकडे पाय टाकून, पाय फूटरेस्टवर ठेवून, सीटमागचा दांडा किंवा चालवणाऱ्याची कंबर धरून बसले की तोल दुप्पट सांभाळला जातो. सलवार किंवा पँट घालून हे सहज जमते. साडीवरच जायचे असेल तर निदान गाडीला साडी गार्ड आणि धरायला दांडा हवा. मागे बसणाऱ्यासाठी धरायची सोय, फूटरेस्ट आणि मागच्या चाकावर निम्म्याहून कमी भाग झाकणार नाही असे आवरण असले पाहिजे, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतच आहे. पोरे गाडी "स्टायलिश" दिसावी म्हणून नेमके तेच काढून टाकतात. ते काढले असेल तर परत बसवून घ्या.

डोक्यात नेमके काय होते

डोके रस्त्यावर आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो आतून कवटीवर आदळतो. कवटीला तडा गेला आणि तिच्या आतली रक्तवाहिनी फाटली तर रक्त साचू लागते. कवटी फुग्यासारखी ताणत नाही. त्यामुळे साचलेले रक्त मेंदूलाच दाबते.

म्हणूनच डोक्याला मार लागलेला माणूस काही वेळा उठून बसतो, बोलतो, "काही झालं नाही, घरी जाऊ" म्हणतो आणि दोन-तीन तासांनी बेशुद्ध होतो. वस्तीत अशा वेळी लोक म्हणतात, "चांगला बोलत होता हो!" रक्त हळूहळू साचत होते म्हणून तो बोलत होता.

हेल्मेट इथे तीन कामे करते. बाहेरचे कडक कवच आदळण्याचा जोर एका जागी न ठेवता पसरवते. आतला जाड थर्माकोल स्वतः दबतो, चुरतो आणि डोक्याला बसणारा धक्का कमी करतो. हनुवटीखालचा पट्टा हे सगळे डोक्यावर टिकवून ठेवतो. पट्टा न लावलेले हेल्मेट डोके जमिनीला लागायच्या आधीच उडून जाते. थर्माकोल एकदा दबला की पुन्हा फुगत नाही. म्हणून जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी ते काम संपलेले हेल्मेट आहे. ते वापरू नये, दुसऱ्याला विकूही नये.

बायका चेहऱ्याला गुंडाळतात तो स्कार्फ धूळ आणि ऊन थांबवतो. रस्ता थांबवत नाही. स्कार्फ हेल्मेटच्या जागी चालत नाही. हेल्मेटच्या आत पातळ सुती स्कार्फ बांधला तर घाम टिपला जातो, केसही नीट राहतात.

"सक्ती" या शब्दाबद्दल

पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटची कारवाई कडक झाली तेव्हा तिच्याविरुद्ध आंदोलने झाली. "हेल्मेटसक्ती" हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मुंबईत जून २०२२ पासून मागे बसणाऱ्यावरही कारवाई सुरू झाली तेव्हा पुन्हा तीच कुरकुर. खरे तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येकाने, चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही, हेल्मेट घालणे बंधनकारक आहे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना त्यातून सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड आहे आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकते.

पोलीस गरिबाच्याच गाडीला आधी हात दाखवतो, ही तक्रार आम्ही वस्तीत नेहमी ऐकतो आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. रस्त्यावर खड्डा ठेवणाऱ्या, रंग न मारता गतिरोधक बांधणाऱ्या माणसाला दंड होत नाही, हेही खरे आहे. त्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज देऊन पोच घेतलीच पाहिजे. पण पोलिसावरचा राग आपल्याच डोक्यावर का काढायचा? खड्डा बुजेपर्यंत आपल्याला त्याच रस्त्याने जायचे आहे.

आणखी काही सबबी रोज कानावर येतात.

"जवळच तर जायचंय." गतिरोधक आणि खड्डे घराजवळच्या रस्त्यावरच जास्त असतात आणि मागून पडायला मोठा वेग लागत नाही. सीटच्या उंचीवरून सिमेंटच्या रस्त्यावर डोके आपटले तर तेवढेही पुरते.

"उकडतं." नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात उकडते, हे आम्हाला मान्य आहे. हवेसाठी भोके असलेले, फिकट रंगाचे हेल्मेट घ्यावे, सिग्नलला थांबल्यावर काच वर करावी.

"केस गळतात." घामट, न धुतलेल्या अस्तरामुळे डोक्याला खाज आणि कोंडा होतो. अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुवावे, दुसऱ्याचे ओले हेल्मेट घालू नये.

"ठेवायचं कुठं?" हा प्रश्न खरा आहे, विशेषतः दुसऱ्या हेल्मेटसाठी. पट्ट्यातून घालायचे कुलूप किंवा साखळी मिळते. दोन्ही हेल्मेटे गाडीलाच बांधून ठेवता येतात.

घेताना काय बघायचे

१ जून २०२१ पासून देशात दुचाकीसाठी आयएसआय चिन्ह नसलेले हेल्मेट बनवायला आणि विकायला मनाई आहे. तरी रस्त्याच्या कडेला दोनशे-तीनशे रुपयांत टोपीवजा हेल्मेटे मिळतात. ती पोलिसाला दाखवायला पुरतात, डोक्याला पुरत नाहीत. दुकानात उभे राहून एवढे तपासा :

१) मागे आयएसआयचे चिन्ह, आयएस ४१५१ हा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असावा. चिन्ह खोटेही चिकटवलेले असते. मोबाइलवर बीआयएस केअर हे सरकारी ॲप घेऊन तो परवाना क्रमांक टाकला की खरे-खोटे कळते.

२) आत बोट घालून बघा. जाड, कडक थर्माकोल लागला पाहिजे. फक्त स्पंज आणि कापड लागले तर ते हेल्मेट ठेवून निघा.

३) मापाचेच घ्या. भुवयांच्या जरा वर टेप गुंडाळून डोके मोजा. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत. डोके हलवले तर हेल्मेटही बरोबर हलले पाहिजे. पट्टा लावून मागून वर ढकलून पाहा, निघून आले तर ते मोठे आहे.

४) पट्टा आणि हनुवटीत दोन बोटे जातील इतकीच जागा असावी.

५) शक्यतो पूर्ण चेहरा झाकणारे घ्या. तोंडावर पडल्यावर जबडा आणि दात तेच वाचवते.

नवऱ्याचे जुने, सैल झालेले हेल्मेट बायकोला आणि नवे त्याला, असे करू नका. बाईचे डोके बहुधा लहान मापाचे असते, तिला तिच्या मापाचेच लागते. ती दुकानात बरोबर असली पाहिजे. आणि हेल्मेटला मोठी ठोकर बसली नसली तरी तीन ते पाच वर्षांनी बदलावे, असे बहुतेक बनवणारे सांगतात.

लेकरांचे काय

नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला दुचाकीवर न्यायचे तर त्याला चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आपल्या वस्तीत हा पट्टा आम्ही क्वचितच पाहिला आहे. टाकीवर बसवलेले लेकरू धडक होताच सगळ्यांत आधी पुढे फेकले जाते, म्हणून ती जागा त्याची नाही. तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन गाडीवर जाणे टाळाच. लसीकरणाला किंवा दवाखान्यात जाताना बस किंवा शेअर रिक्षा बघा.

लेकरांच्या दोन दुखापती तर पूर्ण टाळता येण्यासारख्या आहेत. लोंबकळता पाय मागच्या चाकाच्या तारांत जातो आणि टाच सोलून निघते. ही जखम भरायला फार वेळ घेते. दुसरी, तापलेल्या सायलेन्सरने पोटरी भाजते. पायात बंद बूट, अंगात पूर्ण पँट, चाकाला गार्ड आणि सायलेन्सरला जाळी असली की दोन्ही टळतात.

कायद्याने चालवणाऱ्यामागे एकच माणूस बसू शकतो. नवरा, बायको आणि दोन पोरे एका गाडीवर, हे दृश्य गरजेपोटी आहे हे आम्हाला कळते. तरी लग्नाला किंवा गावाला जाताना चौघांनी एका गाडीवर जाऊ नये. दोघांनी एसटीने जावे. सरकारी बसमध्ये महिलांना निम्मे तिकीट आहे, त्याचा उपयोग करावा.

डोक्याखालचे शरीर

घसरून पडणारा माणूस पहिल्यांदा तळहात टेकवतो. मग कोपर, गुडघा, नितंब. कातडी खडीवर घासली जाते, जखमेत माती जाते. ती दगड वेचून धुवावी लागते, धनुर्वाताचे इंजेक्शन लागते आणि आठ-पंधरा दिवसांचा रोज बुडतो. शर्यतीतल्या गाडीवाल्यांसारखे जाकीट आपल्याला परवडणार नाही. पण पूर्ण बाह्यांचा जाड शर्ट, जीन्स, बंद बूट आणि साधे हातमोजे घरात असतात किंवा स्वस्तात मिळतात. स्लिपर घालून गाडी चालवू नये. ओढणी आणि पदर आधी खोचून घ्यावा, मगच गाडीवर बसावे. चाकात अडकलेली ओढणी गळा आवळते, तेव्हा ओरडायलाही वेळ मिळत नाही.

घरोघरी पार्सले पोहोचवणारी आपली पोरे दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर असतात. त्यांनी कंपनीकडून टी-शर्ट आणि पिशवीबरोबर चांगले हेल्मेट आणि पावसाळी कपडे मागावेत. एकट्याने मागून मिळत नसेल तर सगळ्यांनी मिळून मागावे.

पैसे कुठून आणायचे

खरे आयएसआय हेल्मेट साधारण हजार-दीड हजारात येते. रोजंदारीच्या घराला ही रक्कम लहान नाही. म्हणून ती घरावर एकट्याने सोडू नये.

नवी गाडी घेताना हेल्मेट देणे ही बनवणाऱ्या कंपनीची जबाबदारी आहे, असे केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ सांगतो. गाडी घेताना ते मागून घ्या, मग खिशातून फक्त दुसरे घ्यावे लागेल. महिला बचत गटांनी हेल्मेटसाठी छोटे कर्ज द्यावे. दहा-वीस जणांनी एकत्र खरेदी केली तर दुकानदार भाव कमी करतो. सत्काराला शाल आणि पुष्पगुच्छ देतो त्या जागी हेल्मेट द्यावे. लग्नात नवरा-नवरीला जोडीने दोन हेल्मेटे द्यावीत.

आणि १४ एप्रिल. जयंतीच्या बाइक रॅलीत शेकडो गाड्या, गाडीवर तीन-तीन पोरे, हातात निळे झेंडे आणि डोकी उघडी, हे आपण सगळे दरवर्षी बघतो. ज्या बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याचे राज्य दिले त्यांच्याच जयंतीला कायदा मोडून निघायचे, हे शोभत नाही. उत्सव समित्यांना आमची विनंती आहे : "हेल्मेट असेल तरच रॅलीत" हे पत्रकावर छापा आणि साउंडच्या खर्चातून काही रक्कम बाजूला काढून गरजू पोरांना हेल्मेटे द्या. दीक्षाभूमीला किंवा चैत्यभूमीला गाडीने जाणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. जखमी श्वास घेत असेल तर त्याचे हेल्मेट ओढून काढू नका, मानेला इजा असू शकते. फक्त काच वर करा, पट्टा सैल करा. श्वास अडत असेल तरच एकाने मान आणि डोके धरून ठेवावे, दुसऱ्याने हेल्मेट सावकाश काढावे. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी, चहा काही पाजू नका. हात-पाय धरून रिक्षात कोंबू नका.

डोक्याला मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाणी, एक बाहुली मोठी दिसणे, यांतले काहीही दिसले तर रात्र घरी काढू नका. सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात लगेच न्या.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतील ही भीती मनातून काढा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण आहे, नाव सांगण्याची सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार देण्याची केंद्राची योजना लागू आहे. रुग्णालयात तिची मागणी करा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहाराच्या दारात उभ्या असलेल्या गाड्या मोजा आणि हेल्मेटे मोजा. गाड्या जितक्या, त्याच्या दुप्पट हेल्मेटे हवीत. जितकी कमी पडतील तितक्यांची यादी करा आणि बचत गटाच्या पुढच्या बैठकीत ती ठेवा. तोपर्यंत घरातल्या बाईने एवढे म्हणायला हरकत नाही : "माझं हेल्मेट आल्याशिवाय मी मागं बसणार नाही."

जयभीम.